वनघराला गावाची मंजुरी

लोकसहभाग म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये! भूमजवळच्या आमच्या गावात, रानाच्या कडेला वनघर बांधायचं ठरलं. पाखराजनावरांना आसरा, माणसांना बसायला जागा, आणि नकाशा मंजूर करायचा गावानं. धाराशिवच्या आर्किटेक्ट वैदेहीताईंनी सभा बोलावली, तर आलं कोण? मी आणि मारुतीच्या पारावरचं कुत्रं!

"ताई, सभेला न्हाय, कीर्तनाला लोटतं गाव!" मी छाती फुगवून म्हणालो. "कीर्तनात शिवशंकरबुवा मधूनमधून नकाशातली एकेक मागणी वाचतील. हात वर म्हणजे मंजूर. तुम्ही फक्त बघत राहा!"

माझा जीव एकाच मागणीत अडकलेला: मधोमध कीर्तनासाठी ऐसपैस दालन. शेवट गोड व्हावा म्हणून ती मुद्दाम शेवटी ठेवली.

कीर्तन रंगलं. बुवांनी वाचलं, "भिंतीत घुबडांसाठी कोनाडे!" आणि सवयीनं गर्जले, "बोला, पुंडलिक वरदे..."

"हाऽऽरि विठ्ठल!" साऱ्या गावाचे हात आभाळात!

वैदेहीताईंचे डोळेच भरून आले. "एकमतानं, काका!"

"वरची माडी वटवाघळांना!" पुंडलिक वरदे! मंजूर. "दक्षिणेची भिंत मधमाश्यांना!" मंजूर. सरड्यांना, मुंगसांना, रानमांजराला स्वतंत्र खोली! मंजूर. घुबडाचं नाव काढलं की थुंकणारी कस्तुराबाई दोन्ही हात वर करून डुलत होती!

शेवटी माझी मागणी आली. बुवांनी ती वाचली आणि त्याच दमात आरती धरली. आता आरतीत टाळी सोडतो कोण? एक हात वर जाईना! मी तरी करावा, तर माझेही हात टाळीतच गुंतलेले!

"फेटाळली," ताई हळहळल्या.

"अहो, मघाचे हात देवासाठी होते!"

"काका, नियम तुमचाच."

शेजारचा लिंबाजी खिदळला. "वसंतराव, गावानं घुबडाला घर दिलं आन् तुमाला न्हाय, व्हय?"

पण हटेन तो मी कसला! दारोदार फिरलो, ताईंच्या मागं लागलो, आणि अखेर वटवाघळांच्या उघड्या माडीखालची ओसरी पदरात पाडली. बुवा आणि टाळकरी मावतील एवढीच! पण वनघरातलं पहिलं कीर्तन तिथंच करायचं, असा पणच केला.

वनघर उभं राहिलं आणि केलंच! काल्याचं कीर्तन, भर दुपार, श्रोते अंगणात उन्हात. एकेक करत गाव सावलीला पांगलं. आमची बायको नीलासुद्धा "गॅसवर वरण हाय" म्हणत उठली!

माडी मात्र खच्चून भरलेली. बुवांच्या फेट्यावर वरून थोडे शिंतोडे उडाले, ते सोडा. उलटे लटकून का होईना, वरचा एकही श्रोता शेवटपर्यंत उठून गेला नाही!