चौघांपुरता ओटा

"कागदबिगद नको! मी मानसशास्त्र शिकवतो आप्पा! माणसाच्या डोक्यात काय कुठं राहतं, ते मला नाही ठाऊक तर कुणाला?"

वडील पाहुण्यांच्या नावांची यादी पुढं करत होते, तेव्हा बद्रीनाथ हे पिशोरच्या भर मांडवात म्हणाला. धाकट्या बहिणीचं, मनकर्णाचं लग्न होतं आणि माइक त्यानं मागून घेतला होता. गावाकडं मंगलाष्टकांआधी पाहुण्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार होतो आणि प्रत्येकाचं नाव भोंग्यावरून शिवारभर घुमावं लागतं. ज्याचं घुमलं नाही, त्याच्या घशाखाली बुंदी उतरत नाही. टोपी काय, बाजारातही मिळते!

बद्रीनाथ शहरात, औरंगपुऱ्यात खोली करून राहायचा आणि कॉलेजात शिकवायचा. त्याचा लाडका धडा कार्यरत स्मृतीचा. पोरांना तो सांगायचा, "घरापुढचा ओटा समजा. आत घर मोठं, जन्माचं सामान मावतं. पण नवा आलेला आधी ओट्यावरच टेकतो आणि ओटा असतो चौघांपुरता! पाचवा टेकला की एक घसरला! टिकवायचा असेल तर त्याचं नाव मनात घोळवत राहा. आणि जीभ दुसरंच काही बोलायला लागली, तर घोळवणं बंद! ओटा रिकामा!" मग एका पोराला उभं करून तो त्याला सारखं 'राम राम' म्हणायला लावायचा आणि मधेच चार-पाच नावं सांगायचा. पोरगं नावं विसरायचं. वर्ग हसायचा. सगळ्यात मोठ्यानं बद्रीनाथ हसायचा.

हळदीच्या अंगानं मनकर्णानं त्याला माजघरात ओढलं.

"दादा, माझं ऐक. सुपारी फुटली तवा आपल्याकडून तात्यासाहेबांचं नाव मागं राहिलं. ते भरल्या पानावरून उठले. चुलतसासरे हायेत माझे, त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाय. मला तिथं नांदायचंय. त्यांचं नाव पहिलं घे. बाकी समद्यांना विसरला तरी चालंल."

"एकच नाव? अगं वेडे, एक नाव म्हणजे अख्ख्या ओट्यावर एकटा माणूस पाय पसरून!"

ओट्यावर: तात्यासाहेब. पाय पसरून.

माइक हातात आला. भोंगा आधी शिट्टी मारून किंचाळला, मग बद्रीनाथ बोलू लागला. "पिशोर नगरीत जमलेल्या समस्त आप्तेष्टांचं..."

उजव्या कानात पुंजाराम मामा. "बद्री, कन्नडचे नानासाहेब आले. त्यांचं घे."

"...सहर्ष स्वागत! आजच्या या मंगल प्रसंगी..."

डाव्या कानात कुणीतरी. "मास्तर, जीप रस्त्यात आडवी लागलीय. वऱ्हाडाची गाडी अडकली. काढाय सांगा."

"...आपण सर्वांनी वेळात वेळ काढून..."

पुन्हा मामा. "आन् गाद्या कमी पडल्या. बायांना पलीकडं बसाय सांग."

ओट्यावर: नानासाहेब. जीप. बाया. गाद्या. खाली पायरीवर कुणीतरी, तोंड दिसत नाही.

जीभ माइकवर होती. घोळवणार कशानं? बद्रीनाथनं दम घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कन्नडचे नानासाहेब रस्त्यात आडवे लागलेले आहेत! ज्यांचे असतील त्यांनी त्वरित काढून घ्यावेत!"

नानासाहेब म्हणजे कापसाच्या भरल्या बैलगाडीएवढा माणूस. ते खुर्चीतून अर्धे उठले आणि खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. मांडव खदखदला. बद्रीनाथ घाबरला आणि घाबरलेला माणूस माइकवर जरा जास्तच बोलतो. त्यानं नानासाहेबांना टोपी दिली. मामाला दिली. आचाऱ्याला दिली. भोंगेवाल्याला तर दोनदा दिली!

पुढच्या गादीवर एक म्हातारा ताठ बसला होता. नवी टोपी आता येईलच म्हणून त्यानं स्वतःची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. टक्कल उन्हात चमकत होतं.

ओट्यावर: कुणीतरी होतं. आत्ताच उठून गेलं. जागा अजून गरम आहे.

"झाले का समदे?" मामानं विचारलं.

"झाले! सत्कार समारंभ संपला!"

म्हाताऱ्यानं गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि तो उभा राहिला. त्याच्यामागं अख्खं वऱ्हाड उभं राहिलं. माजघराच्या दारात मुंडावळ्या थरथरल्या.

आप्पांनी धावत जाऊन तात्यासाहेबांचे पाय धरले. "पाव्हणं, पदरात घ्या! पोरगं लई शिकलंय, त्याच्यानं व्हतं असं!"

"आप्पासाहेब, आम्ही टोपीचे भुकेले नाय," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. शांतपणाच वाईट होता. "पर भोंग्यावर नाव नाय, म्हंजी आम्ही आलोच नाय. जे आलेच नाय त्यांनी बसून काय करावं?"

"घुमवतो! आत्ता घुमवतो! बद्र्याऽऽ!"

बद्रीनाथनं दोन्ही कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि नाव घोळवायला सुरुवात केली. आता कुणाला म्हणून ओट्यावर चढू द्यायचं नाही!

ओट्यावर: तात्यासाहेब. तात्यासाहेब. तात्यासाहेब. तात्यासाहेब.

तेवढ्यात भटजींनी त्याचा दंड हलवला. मुहूर्त टळत होता. "आधी वधूवरांची नावं पुकारा, मग काय ते सत्कार करा!"

बद्रीनाथनं कानांतली बोटं काढली, माइक धरला आणि डोक्यात जे होतं ते बाहेर आलं.

"चिरंजीव तात्यासाहेब! आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी मनकर्णा! यांचा शुभविवाह! सर्वांनी अक्षता हातात घ्याव्यात!"

नाव घुमलं. असं घुमलं की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसली! बँडवाल्यांनी पिपाण्या फुंकल्या. मागच्या बायांना पुढचं दिसत नव्हतं, त्यांनी सगळे बघत होते त्या बाजूला अक्षता भिरकावल्या. खरा नवरदेव पाटावर होता. तो चुलत्याकडं बघत राहिला. चुलता भुवयांवर तांदूळ घेऊन उभा होता.

लग्न लागलं. खऱ्या नवरदेवाशीच लागलं. तात्यासाहेब जेवलेही, कारण इतक्या अक्षता पडल्यावर उठून जाणं बरं दिसलं नसतं. पण पंगतीत वाढपी त्यांना म्हणाला, "नवरदेव, बुंदी घ्या की!" आणि त्यांचा घास हातातच राहिला. मनकर्णानं ते पाहिलं. तिच्या तोंडावरची हळद फिकी पडल्यासारखी वाटली. बद्रीनाथ एका खांबाआड उभा होता. मांडवात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. भोंगेवालासुद्धा!

जीपमध्ये बसताना मनकर्णा त्याच्या कानाशी आली.

"दादा, तिसऱ्या दिवशी मला न्यायला कुणीबी येऊ दे. तू नको येऊ. तुला बघितलं की ते समदं पुन्हा निघंल. मला तिथं जरा तोंड वर करू दे."

"नाही येणार," बद्रीनाथ डोळे पुसत म्हणाला. "एवढं तरी लक्षात ठेवीन गं."

"बद्रीऽऽ!" मामा ओरडला. "मोठी पातेली कुणाची रं? गाद्या मोजून दिल्या का? उरल्याली बुंदी कुठं ठिवायची?"

"पातेली तालमीची! गाद्या बघतो! बुंदी आत न्या!"

जीप गेली.

ओट्यावर: पातेली. गाद्या. बुंदी. हळदीचा थोडा वास.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ सकाळच्या पहिल्या एसटीनं कन्नडला, मनकर्णाच्या सासरी निघाला. आप्पा जातो म्हणत होते, पण तो ऐकेना. झालं ते झालं, आता आपणच जाऊन गोड करायला पाहिजे! तात्यासाहेबांना नवं धोतर, साखरेची पुडी, बहिणीला साडी. वाटेत त्यानं माफीचं वाक्यसुद्धा तयार केलं आणि उतरेपर्यंत घोळवत नेलं.

अंगणात बाजेवर तात्यासाहेब बसले होते. भोवती घरातली, शेजारची माणसं. तात्यासाहेबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजेवर सरकून जागा केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या, मेहुणे! या! बसा!"

अंगण हसून हसून लोळलं! भिंतीपलीकडून शेजारची माणसंसुद्धा हसली.

मनकर्णा दारात उभी होती. ती हसली नाही. बद्रीनाथनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि जीपमध्ये बसताना ती काय म्हणाली होती, ते त्याला आठवलं. अगदी शब्दन् शब्द!