बाहेरून उघडणारं दार

साहेब, हे तुम्हीच केलंत. जनतेच्या पैशानं मोठमोठी शहरं हिंडलात. एका शहरातली बिनचालकाची गाडी आवडली, दुसऱ्यातली डब्यातली शांतता, तिसऱ्यातलं बटणावर उघडणारं दार. सगळं उचलून आणलंत. तिथं बटण आतूनही असतं, एवढंच बघायचं राहिलं.

त्या गाडीत अडकला कोण, तर कवळ्या बनवणारा. त्याचे सासरे जुने नट. कित्येक वर्षांनी आज त्यांना राजाची भूमिका मिळाली होती आणि त्यांचे नवे दात जावयाच्या खिशातल्या डबीत होते.

नाट्यगृहाचं स्टेशन आलं. फलाटावर माणसं दाराच्या दोन्ही अंगांना शिस्तीत उभी. 'आधी उतरू द्या' ही पाटीही तुमच्याच दौऱ्यातली. बाहेरचे आतल्यांच्या उतरण्याची वाट बघतायत, आतला त्यांनी बटण दाबण्याची! त्यानं काचेवर थापा मारल्या. एका बाईनं हसून हात हलवला. गाडी आवाज न करता सुटली.

"बसून घ्या," कोपऱ्यातले आजोबा कुजबुजले. "गाडी गोल फिरते. पाय दुखतील."

"तुम्हाला कुठं उतरायचंय?"

आजोबा शेजारच्या आजींकडे वळले. "काय गं, कुठं निघालो होतो आपण?"

आजींनी ओठांवर बोट ठेवलं. डब्यातल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. कुणाची पापणी लवेना.

खिशातला फोन थरथरला. बायको.

"अहो, आहात कुठं? बाबा तोंडावर हात धरून बसलेत!"

"फलाटावर ये, बटण दाब. पण आत पाऊल टाकू नकोस! एक माणूस आत आला की दार मिटतं."

पुढच्या फेरीला ती फलाटावर दिसली. शेजारी मुकुट घातलेले सासरे.

"ताई, आधी उतरू द्या की," रांगेतला एकजण तिला म्हणाला.

"उतरतील कसे, माझं डोंबल!" तिनं बटण दाबलं.

दार उघडलं. जावयानं पाय उचलला, तोच सासऱ्यांना त्याच्या हातातली दातांची डबी दिसली.

"माहे हात!" बोळक्या तोंडानं ओरडत राजेसाहेब त्याला ढकलून आत घुसले. दार मिटलं. बाहेर बायकोनं कपाळावर हात मारला. रांगेनं निरोपाचा हात हलवला.

सासऱ्यांनी दात बसवले, जबडा हलवून पाहिला. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं, तिथून त्या न लवणाऱ्या डोळ्यांकडे. त्यांनी मुकुट सावरला आणि छतातल्या कर्ण्याकडे बघून असा आवाज लावला की आजोबा दचकून उभे राहिले.

"कोण आहे रे तिकडे? या माणसांना उतरवणार कोण? बोल!"