चाळीस जणांची एक खिडकी

निलेशने बसची यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा तो दिंडोशीतल्या आपल्या घरात नव्हताच. देहाने तो लॅपटॉपसमोर बसला होता, आई चहासाठी हाका मारत होती, पण मनाने तो कशेडी घाट चढत होता. सतरा नंबरवर खिडकीशी अक्षता, अठरावर तो. बाहेर उजाडतंय, खाचरांवर धुकं बसलंय, तिची ओढणी उडून याच्या हातावर येतेय आणि दोन वर्षं मनात घोळवलेलं एकच वाक्य हा अखेर बोलून टाकतोय. चहा कधीच गार झाला होता.

गणपतीला गावी जाणाऱ्या बसची यादी आजवर मंडळाचे अध्यक्ष काशीरामकाका वहीत पेन्सिलने करत. काशीरामकाका म्हणजे अक्षताचे वडील. त्यांच्या वहीत पोरी पुढे आणि पोरगे शेवटच्या बाकावर, हा नियम पक्का होता. म्हणून यंदा निलेशने ते काम संगणकावर करायचं अंगावर घेतलं. एका टेबलात चाळीस सभासद आणि त्यांचे सीट नंबर भरले, दुसऱ्या टेबलात बसच्या चाळीस सीटा भरल्या आणि दोन्ही मिळून एक देखणा फॉर्म बनवला. फक्त सीट नंबरावरून ती दोन टेबलं एकमेकांना जोडायची राहून गेली. मग यंत्राने इमानदारीत प्रत्येक माणूस प्रत्येक सीटवर बसवला. सोळाशे नोंदी झाल्या. निलेशने त्यातल्या दोनच शोधल्या, सतरावर ती आणि अठरावर आपण, आणि धन्य होऊन यादी पाठवून दिली.

रविवारी सकाळी व्यायामशाळेत मंडळाची सभा भरली. प्रत्येकाने मोबाइलवर आपलं नाव शोधलं होतं आणि प्रत्येकाला ते पहिल्यांदा दिसलं ते एक नंबरवर, खिडकीशी.

"निलेशा, बरा केलंस," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "माका घाटात उलटी येता, म्हणान खिडकीच होयी होती."

"काकू, एक नंबर माझाय," नितेशने मोबाइल पुढे केला. "हे बघा ना."

"तुझा कसा? माझाय तो," मागून कुणीतरी म्हणालं.

दशरथने मात्र यादी शेवटपर्यंत वाचली होती. "मला चाळीसच्या चाळीस सीटा दिल्यात," तो म्हणाला. "मी आडवा पडून येऊ काय?"

काशीरामकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "चाळीसव जणा एक नंबरार? बसतली कशी, एकमेकाच्या मांडयेर?" त्यांनी पिशवीतून वही काढली. "अर्ध्या तासात नीट कर. नाय तर माझी वही आसा."

शेवटचा बाक निलेशच्या डोळ्यांपुढे आला. त्याने कोपऱ्यात लॅपटॉप उघडला आणि फॉर्ममध्ये दशरथच्या ओळीतला एक हा आकडा खोडायला गेला. यंत्र नुसतं टुकटुकलं. खाली बारीक अक्षरांत लिहून आलं की या नोंदी बदलता येणार नाहीत. त्याने ओळच काढून टाकायचा प्रयत्न केला, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला, हात जोडले. दशरथ जागचा हलला नाही.

"सरक," अक्षता शेजारी येऊन बसली. वांद्र्याच्या ऑफिसात ती दिवसभर हेच काम करायची. "इथे नाही बदलणार ते. ही ओळ खरी कुठे आहे? दशरथ एका टेबलातला, खिडकी दुसऱ्यातली. तू तो आकडा खोडलास तर बदलायचं कुणाला, दशरथला की खिडकीला? फॉर्मला ते कळत नाही, म्हणून तो कशालाच हात लावू देत नाही."

"मग?"

"मग मूळ सभासदांच्या टेबलात जायचं आणि तिथला आकडा बदलायचा. हा फॉर्म नुसता बघायला आहे. तू आपला बघत बसलायस."

तिची बोटं भराभर चालू लागली आणि ती बघता बघता निलेश पुन्हा पनवेल ओलांडून गेला. तिने टेबलं जोडली. सोळाशे नोंदींच्या चाळीस झाल्या.

"काकूंना एक नंबर दिलायस, बरं केलंस," ती म्हणाली. "आणि मला सतरा. तू अठरा."

निलेश वडखळच्या अलीकडूनच मागे फिरला. "ते आपोआप आलं."

"आपोआप काही येत नाही रे. थांब, मी बदलते." तिने दोन आकडे खोडले, दोन लिहिले. निलेशला वाटलं, लागली वाट. आता पुढच्या गणपतीपर्यंत ते वाक्य तसंच पोटात राहणार.

काशीरामकाकांनी नवी यादी उभं राहून वाचली. एक नंबर रत्नप्रभा. चार नंबर अक्षता. सोळापर्यंत सगळे माना डोलावत होते. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि वाचलं, "सतरा, काशीराम. अठरा, निलेश."

"हे काय केलंस गं?" निलेश पुटपुटला. "मला तर तुझ्याशी बोलायचं होतं."

"ते मला दोन वर्षांपूर्वीच कळलंय," अक्षता म्हणाली. "परवा मी घरी सांगूनही टाकलं. बाबा म्हणाले, त्या पोराक तोंड नाय काय? बसमध्ये बारा तास आहेत, यार. बोल त्यांच्याशी."

सभा उठली. काशीरामकाकांनी वही काखेत मारली आणि जाता जाता निलेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"माका बसमधे झोप येना नाय," ते म्हणाले. "सावकाश बोल."