जपानी दुर्बीण आणि दसऱ्याचं कोहळं

सत्याऐंशी सालची गोष्ट. दुर्बीण हातात आली त्याच दिवशी मी विजयाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठणकावून सांगितलं, "यंदा दसऱ्याचं कोहळं मीच फोडतो, पाहजो तू!"

मोहगावला माझ्या सासऱ्यांची, वामनरावांची, संत्र्याची बाग आणि लायसन्सची रायफल. दसऱ्याला रायफलीची पूजा करायची, मग पन्नास पावलांवर बांधाला टेकवलेलं कोहळं एका गोळीत फोडायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. लग्नाला बारा वर्षं झाली, पण त्यांनी मला त्या रायफलीला बोट लावू दिलं नव्हतं. "तुमी पांढुर्ण्याचे मास्तर, खडू सांभाळा," म्हणायचे. हे मला फार लागायचं!

म्हणून नागपूरच्या फुटपाथवरून रायफलीवर बसवायची ही दुर्बीण आणली. परदेशी! खोक्यावर 'जपान' छापलेलं. परतीच्या वाटेवर सावनेर येईपर्यंत 'जपान'चा कागद सुटून माझ्या बाहीला चिकटला. घरी पोचल्यावर पुढचं झाकण गळालं. आतली नेमाची फुली कलंडलेली होती, पण मीही मान कलती केली की सरळ दिसायची. स्वस्तातल्या परदेशी मालाशी एवढं जुळवून घ्यावंच लागतं!

दसऱ्याला सासऱ्यांनी स्वतःच दुर्बीण पट्ट्यानं रायफलीवर आवळली, मागे सरून पाहिलं आणि चक्क म्हणाले, "बरं, यंदा तुमीच फोडा. पन हे पानी-गिनी सहन करते का?"

"पानी? बादलीत बुडवा! खोक्यावर लिहून हाय!"

सासूबाई, यमुनाबाई, पूजेला बसल्याच होत्या. त्यांनी दुर्बिणीवर पळीभर पाणी घातलं, काचेवरच कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि वर अजून पळीभर पाणी! "डोया हाय न हा तिचा! इथंच लावा लागते."

मी टॉवेलनं काच पुसली. लख्ख! डोळा लावला, तर कुंकू आत! सगळी बाग गुलाबी झालेली आणि मधोमध एक थेंब डुलत होता.

"काय मास्तर, दिसून राहिलं न?"

"एकदम साफ!" आता नाही म्हणायची सोय कुठे होती?

मान कलती केली, थेंब बाजूला सरकेपर्यंत श्वास रोखला, जे सगळ्यात गोल दिसलं त्यावर नेम धरला आणि चाप ओढला. धाड! दुर्बीण पट्ट्यातून निसटून थेट माझ्या भुवईवर! मी आडवा!

"माय वो! जवायाले गोळी लागली!" सासूबाई किंचाळल्या. सासरे धावत आले आणि त्यांनी आधी रायफल उचलून पाहिली.

"काही झालं नाही हिले," ते समाधानानं म्हणाले.

कोहळं जागेवर शाबूत होतं. त्याच्यापासून दहा हातांवर, संत्र्याच्या फांदीला टांगलेल्या फवारणीच्या पंपातून मोरचुदाचं निळं पाणी भळाभळा वाहत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासऱ्यांनी दुर्बीण माझ्या हातात ठेवली आणि रायफल विजयाला दिली. "घे वो बाई, मुहूर्त चुकून राहिला."

विजयानं पदर खोचला, नुसत्या डोळ्यानं नेम धरला. कोहळ्याच्या चिंधड्या!

"तुले येते?" मी बसल्या जागी विचारलं.

"लग्नाआधी दरसाल मीच फोडत होती."

"मंग बारा वर्षांत सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी? तुमी तर सांगूनच राहिले होते!"

आता त्या रिवाजात मलाही काम मिळालं आहे. कोहळं बांधावर नेऊन मीच ठेवतो. ठेवलं की पळत बाजूला होतो. विजया फार वाट पाहत नाही!