राणीसाहेबांनी बोली लावून एक सकाळ जिंकिली, त्याची हकीकत

श्री गजानन प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न, आणि त्या दिवशी नेटवर्कही प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी जे वर्तमान जाहले ते लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु शेवट आनंदाचा आहे, हे आधीच सांगोन ठेवितो, म्हणजे ऐकणाराने जिवास घोर लावून घेऊ नये.

राज्य दोन खोल्या आणि गॅलरी एवढे. तेथे श्रीनिवासराव राज्य करीत आणि सुलभाराणी राज्य चालवीत. मोठ्या शहरी राजांच्या मित्रकन्येचे लग्न निघाले आणि स्वारीस जाणे प्राप्त जाहले. कुळाचा रिवाज ऐसा की, शहरी जावे तर राजांच्या यमूमावशींकडेच उतरावे. मावशी मायाळू, परंतु पहाटेच उठोन भांडी वाजवणार, आणि मग राणीसाहेबांनी सूनपणाच्या लाजेने उठावे आणि पोहे परतावे आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरापाशी तिष्ठत राहावे. ऐशी पंचवीस वर्षे लोटली. तेव्हा राणीसाहेब बोलिल्या, "अहो, या खेपेस मला हॉटेलात उतरवा. एकच सकाळ मला कुणी उठवायचं नाही, आणि मी कुणाला चहा करून द्यायचा नाही. जमत नसेल तर लग्नाला तुम्ही एकटे जा." राजे चिंतावले, आणि हॉटेलांचे भाव पाहिले तों डोळे पांढरे जाहले.

मग कचेरीतील एका स्नेह्याने बोलीच्या संकेतस्थळाची खबर दिली. तेथे गिऱ्हाइकाने मोहल्ला सांगावा, तारे सांगावे आणि भावही आपणच बोलावा. हॉटेलाचे नाव मात्र पडद्याआड. बोली मान्य जाहली की पैका तत्काळ कापला जाई, मग नाव कळे, आणि पैका परत मिळणे नाही. राजे म्हणाले, "चालू भावाच्या पाऊणपट बोलू." राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणूनच तुम्हाला मी मंडईत पाठवत नाही. सरका." आणि स्वतः मैदानात उतरोन एक तृतीयांश बोलिल्या. बोली नाकारिली गेली. राजे घाबरोन भाव वाढवू लागले तों राणीसाहेबांनी हात धरिला. "लगेच वाढवलं की गरज दिसते. आधी पाठ फिरवायची." मग फोन पालथा ठेविला आणि डाळ कुकरास लाविली आणि शिट्ट्या जाहल्यावर शेजारचा मोहल्ला जोडोन, निम्म्याहून कमीच, दुसरी बोली लाविली, ती पापणी लवते तों मान्य! राजांनी आरोळी ठोकिली, परंतु राणीसाहेब मटकन खाली बसल्या. "एवढ्यात हो म्हणाले? म्हणजे मी जास्तच बोलले!" फत्ते जाहल्यावर सुतक पाळणे हे याच राज्यात पाहावे.

मग नाव उघडले. हॉटेल चार ताऱ्यांचे, आणि पत्ता मावशींच्या इमारतीसमोरचा! राजांस दरदरून घाम आला. राणीसाहेब बोलिल्या, "पैसे गेलेत, जायचंच. मावशींना मोतीबिंदू आहे, रस्त्यापलीकडचं दिसत नाही." त्या मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच उरकले होते, ही खबर मात्र राज्यास नव्हती.

लग्न लागले, जेवणे जाहली, आणि दुपारी उभयतां हॉटेलात येऊन जों टेकतात तों दाराची घंटा वाजली. दारी साक्षात यमूमावशी. "शिऱ्या! गॅलरीतून पाहिलं मी. सख्खी मावशी समोर असताना लॉजात उतरतोस? बॅगा भर!" राजांनी निमूट बॅग ओढिली. राणीसाहेबांचे डोळे भरोन आले, परंतु त्या हटल्या नाहीत. "मावशी, तुमच्यावर राग नाही हो. मला फक्त एकदा मनसोक्त झोपायचंय."

मावशी पलंगावर बसल्या. गादी खाली गेली. त्यांनी चादरीवरून हात फिरविला आणि पुसिले, "सकाळचा चहा कोण करतं?"

"खाली तयार असतो. आपण फक्त घ्यायचा."

"आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही?"

"नाही."

मावशींनी पाय पलंगावर घेतिले. मग म्हणाल्या, "सुलभे, तू माझ्याकडे उतरलीस ना, की पहाटे उठायला माझ्याही जिवावर यायचं गं. पण म्हटलं, सून उठून बसली आणि मी लोळत राहिले तर काय म्हणेल?" आणि पिशवीतून किल्ली काढोन राजांपुढे धरिली. "शिऱ्या, तू घरी जा. तुझ्या काकांना उजाडायच्या आत चहा लागतो. आलं ठेचून घाल."

दुसरे दिवशी राजे मावशींच्या ओट्याशी उभे राहोन आले ठेचीत होते, आणि समोर हॉटेलाचे पडदे ऊन चढले तरी ओढलेलेच. काका कप पुढे करोन म्हणाले, "ही कधी येणार?" राजे बोलिले, "झोपू द्या हो."

एकूण सार इतुके. पंचवीस वर्षे मावशी सुनेच्या भिडेने उठल्या आणि सून मावशींच्या भिडेने. एक जरी निजती, तरी दोघी निजत्या. बखर येथे उशीस टेकली.