धूमकेतूची चतुःसीमा

मंगळवारी आण्णांनी मंद्रूपच्या बाजारातून शेपू आणली, ती निबर निघाली म्हणून मी कुरकुरले, आणि तिन्हीसांजेला आण्णांना गच्चीवरच्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू दिसला. आण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त वायरमन. गावात वीज गेली की खूश होणारा एकमेव माणूस. जेवण झाल्यावर त्यांनी धूमकेतू कळवण्याचा अर्ज लिहिला. पहाटे झोपेतच ते गेले.

जो आधी कळवतो, त्याचं नाव धूमकेतूला मिळतं. आण्णांचं मिळावं, एवढंच मला हवं होतं. तेरावा उरकून मी अर्ज घेऊन सोलापूरला गेले. नवी पेठेत, कापडाच्या दुकानावर, 'खगोलीय निरीक्षण नोंदणी कक्ष' आहे. नवे चंद्र, धूमकेतू, नवतारे आणि रेडिओ स्रोत नागरिकांनी जगाला परस्पर कळवू नयेत, योग्य मार्गेच कळवावेत, अशी पाटी दारावर आहे.

लिपिक सिद्धलिंगप्पांनी अर्ज उलटापालटा करून पाहिला.

"ताई, चतुःसीमा कुटं हाय?"

"धूमकेतूची?"

"व्हय. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. जागा सांगायची तर हद्द नको?"

आण्णांच्या वहीतून मी चार दिशांचे चार तारे शोधून लिहिले. धूमकेतू रोज किती सरकेल, याचंही गणित वहीत होतं. तेही प्रामाणिकपणे जोडलं. तिथंच चुकलं.

"सरकतोय? म्हंजे अतिक्रमण की!"

दुसऱ्याच दिवशी धूमकेतूच्या नावे नोटीस निघाली. 'स्थळपाहणी होईपर्यंत आपण मूळ जागी थांबावे. मुदतीत खुलासा न आल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.' नोटीस घेऊन शिपाई मंद्रूपला आला. धूमकेतू कार्यालयीन वेळेत पत्त्यावर आढळला नाही. अशा वेळी नोटीस दर्शनी भागावर चिकटवावी, असा नियम आहे. त्याने ती दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर भरपूर खळ लावून चिकटवली. पंचनाम्याआधी काढल्यास अर्ज रद्द, असंही बजावलं.

पंचनामा गुरुवारी दुपारी बारा वाजता झाला. गच्ची तापली होती. सिद्धलिंगप्पा छत्रीखाली बसले. पाच पंच रांगेत उभे राहिले. पहिले चहावाले आप्पा. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"दिसतोय की! लई मोठा हाय."

"अहो, पुढं नोटीस चिकटवलीय," मी म्हणाले.

"ताई, पंचांवर दबाव आणू नका," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

शेजारच्या बजाबाईंनी पदराने डोळा पुसून पुन्हा लावला. "शेपूट बी हाय गं बाई. आण्णावानी जरा डावीकडं झुकून चाललाय."

उरलेल्या तिघांनाही तो दिसला. एकाने तर दोन सांगितले. दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज लागेल म्हटल्यावर एकावर आला.

"आता वारस," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "तुमाला दिसला की आण्णांचं नाव लागलं. न्हाय दिसला तर फाइल बंद."

पंचांना हसू नका. संकष्टीला आभाळ गच्च भरलेलं असताना, शेजारणीला चंद्र दिसला म्हणून तुम्हीही उपवास सोडला असेल. मीही पंचच होते. लहानपणापासून आण्णा गच्चीवरून हाक मारायचे. कधी गुरूचे चंद्र, कधी तेजोमेघ. मी दुर्बिणीला डोळा लावायचे, अंधारात पापण्या मिचकावायचे आणि म्हणायचे, "दिसलं!" मग आण्णा दिवसभर शीळ घालत हिंडायचे.

मी वाकून डोळा लावला. कागदातून पिवळट उजेड येत होता.

सिद्धलिंगप्पांनी पेनाचं टोपण काढलं. "बोला ताई. दिसलं न्हवं?"

मी डोळा काढला नाही.

"आण्णा," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "मला कधीच काही दिसलं नव्हतं."