तुलनेसाठी एक निरोगी माणूस

निष्कर्ष
(आमच्या संस्थेत निष्कर्ष आधी लिहितात, त्यामुळे संशोधन भरकटत नाही.)

कोण आजारी आहे हे ठरवायचे असेल तर त्याच्या शेजारी एक निरोगी माणूस उभा करावा लागतो. वैद्यकाची सारी इमारत या दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर उभी आहे. पहिल्या माणसाला निदान औषध तरी मिळते. दुसऱ्याला काहीच मिळत नाही, कारण त्याला काहीच झालेले नसते, आणि पुढेही काही होऊ नये ही त्याचीच जबाबदारी असते. आमच्या दुसऱ्या माणसाने ही जबाबदारी दोन वर्षे सात महिने सांभाळली. नंतर त्याची प्रकृती सुधारली आणि त्याला काढावे लागले.

संस्था

इमारत चार मजल्यांची आहे. पहिल्या मजल्यावर जीवशास्त्र (वासामुळे), दुसऱ्यावर वैद्यक, तिसऱ्यावर ग्राहकोपयोगी तंत्रज्ञान, चौथ्यावर संचालक आणि पाण्याची टाकी. त्या वर्षी एकतीस संशोधने चालू होती. वैविध्याची कल्पना यावी म्हणून काही विषय देत आहोत:

लाळेतल्या जंतूंचा सकाळचा आणि दुपारचा स्वभाव.

जांभई पसरते का? (जीवशास्त्र: हो. वैद्यक: नाही. तंत्रज्ञान: जांभई पुढे ढकलणारे अॅप तयार आहे.)

बोलणारा टूथब्रश आणि पती-पत्नींमधला संवाद.

गोगलगाय व तिसऱ्या मजल्यावरचे इंटरनेट: वेगाचा तुलनात्मक अभ्यास. (निकाल जाहीर न करण्याचे ठरले.)

डावा कान. (शीर्षक पूर्ण आहे.)

या एकतीस विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. विभागप्रमुखांचाही नव्हता; ते लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत. पण गरज सगळ्यांची एकच होती: तुलनेसाठी एक धडधाकट माणूस.

नमुना

जाहिरात दिली. दोनशे चौदा माणसे आली. अर्जात नव्वद प्रश्न होते आणि साठाव्या प्रश्नापर्यंत बहुतेकांना काहीतरी होऊ लागले. पाठदुखीमुळे शहाण्णव गळाले, झोप येत नाही म्हणून एकेचाळीस, झोप फार येते म्हणून अडतीस. बावीस जणांनी "मला काहीही झालेलं नाही" हे इतक्या जोरात सांगितले की त्यांचा रक्तदाब वर गेला. चौदा जण फक्त चहासाठी आले होते. उरले तीन. त्यातले एक संचालकांचे मेव्हणे निघाले. निःपक्षपातीपणासाठी त्यांना वगळले. (आता ते उपसंचालक आहेत. तो विषय वेगळा.) दुसरे विमा एजंट होते आणि त्यांनी उलट आमच्याच प्रकृतीची चौकशी सुरू केली.

तिसरे उमेदवार नव्हतेच. ते शीतगृहाचे कुलूप दुरुस्त करायला आले होते आणि रांग दिसली म्हणून उभे राहिले.

कुलूपवाल्यांचे सगळेच बरोबर मध्यावर होते. वय बावन्न. वजन मध्यम. हिमोग्लोबिन १४.२. डावा कान तर इतका कानासारखा होता की विभागप्रमुखांना भरून आले.

"पण एकच माणूस?" असे उपसंचालकांनी विचारले. संख्याशास्त्राच्या मॅडमनी त्यांची समजूत काढली. "एका माणसाचं चाळीस वेळा माप घेतलं की चाळीस मापं होतात, सर. मापांचे मालक किती, हे संख्याशास्त्र विचारत नाही."

पद्धत

नियम तीनच होते. औषध घ्यायचे नाही. सवयी बदलायच्या नाहीत. मनगटावरचा पट्टा काढायचा नाही. हा पट्टा तिसऱ्या मजल्याने बनवला होता. तो माणसाचे चालणे, थांबणे, झोपणे मोजून आदर्श माणसाशी ताडून पाहतो. आदर्श माणूस म्हणजे अर्थातच कुलूपवाले. त्यामुळे त्यांच्या मनगटावर रोज सकाळी हिरवा दिवा लागे आणि खाली अक्षरे उमटत: "आज तुम्ही अगदी स्वतःसारखे आहात!"

एकतीसपैकी चौदा संशोधनांना रक्त लागे. प्रत्येकाला महिन्यातून दोनदा, चहाचे दोन चमचे. इतके रक्त काढल्याने माणसाला काही होत नाही, असे नैतिकता समितीने प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे, डोळ्यात तेल घालून तपासून लिहून दिले. अशी पत्रे चौदा आहेत आणि चौदाही बरोबर आहेत. त्यांची बेरीज करण्याचे काम कोणत्याही विभागाच्या कक्षेत येत नाही.

निरीक्षणे

सहा महिन्यांनी कुलूपवाले बर्फ खाऊ लागले. पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून मूठभर घ्यायचे आणि कडाकडा चावत बसायचे. जीवशास्त्राने "मानवाची बर्फाकडे असलेली नैसर्गिक ओढ" हा निबंध छापला. तंत्रज्ञानाने दारातून बर्फाचे तुकडे देणारा फ्रिज आखला.

वर्षभराने ते जिन्याच्या वळणावर थांबू लागले. थांबले की पट्टा म्हणे, "छान विश्रांती!"

हिमोग्लोबिन अकरावर आले, पुढे नऊवर. इथे एखादी सामान्य संस्था गडबडली असती. आमच्याकडे मानक दर महिन्याला ताजे करतात, त्यामुळे कुलूपवाले खाली आले तसे मानकही त्यांच्याबरोबर, हात धरून, खाली आले. गडबड झाली ती इतरांची. साडेतेरा, चौदा, पंधरा असे आकडे घेऊन फिरणारे लोक चारचौघांत उघडे पडले. वैद्यक विभागाने या नव्या आजाराला "अतिरक्त" नाव दिले, त्यावर दोन दिवसांची परिषद भरवली आणि संचालकांनाच पहिला रुग्ण होण्याचा मान दिला. संचालक तेव्हापासून जपून चालतात.

अडथळा

अडथळा म्हणजे कुलूपवाल्यांच्या पत्नी. त्या कपडे शिवतात. एका दुपारी तोंडात दोन टाचण्या तशाच ठेवून त्या संस्थेत आल्या. टाचण्या काढून मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या:

"माझा माणूस पांढरा पडलाय."

"कशाच्या तुलनेत, वहिनी?"

"भिंतीच्या!"

"भिंत आमच्या अभ्यासात नाही."

वहिनींनी पर्समधून फोटो काढला. "हे बघा. अडीच वर्षांपूर्वीचे हे. गाल बघा, ओठ बघा."

मॅडमनी फोटो हातात घेतला नाही. "यातल्या गृहस्थांची लेखी संमती आहे का?"

"अहो, नवरा आहे माझा!"

"आत्ताचे आहेत. फोटोतले त्या वेळचे आहेत. फरक आहे असं तुम्हीच म्हणताय."

(या उत्तराबद्दल मॅडमचे चौथ्या मजल्यावर कौतुक झाले.)

वहिनींनी मग मोर्चा नवऱ्याकडे वळवला. ते बाकावर डोळे मिटून, बर्फ चघळत बसले होते.

"चला घरी. बास झालं."

"अगं, असं कसं? एकतीस जणांचं काम आहे माझ्यावर."

"त्यांना दुसरा माणूस मिळेल."

"नाही ना मिळत. दोनशे चौदांतून एक निघालो मी." कुलूपवाल्यांनी डोळे उघडले. "शाळेत कधी पस्तीसच्या वर गेलो नाही मी. आईसुद्धा म्हणायची, याच्यात काही विशेष नाही. आज मोठमोठे डॉक्टर माझ्याकडे बघून ठरवतात, माणूस कसा असावा ते."

"जगाचं माप ठरवताय आणि स्वतःची पँट कमरेत तीन बोटं सैल झालीय ते कळत नाही! दोनदा आत घेतली मी. आता शिलाईला शिलाई लागली."

"अंगावर कपडे असेच असतात या वयात. पट्ट्याला विचार."

पट्टा म्हणाला, "छान विश्रांती!"

वहिनींनी त्यांना ओढत शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेत नेले. तिथल्या माणसाने रक्त घेतले, (ते या महिन्यातले एकोणतिसावे होते,) आणि संध्याकाळी हसतमुखाने रिपोर्ट दिला. हिमोग्लोबिन ७.४. समोरच्या रकान्यात, असायला हवे ते: ७.४. "एवढा तंतोतंत रिपोर्ट मी आजवर पाहिला नाही, ताई," तो म्हणाला. "दृष्ट काढा यांची."

असायला हवे ते आकडे सर्व प्रयोगशाळांना आमची संस्था पुरवते.

अपघात
(विज्ञानात याला किस्सा म्हणतात आणि तो पुरावा धरत नाहीत.)

एका गुरुवारी कुलूपवाल्यांना फोन आला. शहरातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एक आजी कचरा ठेवायला बाहेर आल्या, दार लागले, किल्ली आत आणि गॅसवर दूध. लिफ्ट बंद. कुलूपवाले हत्यारांची पिशवी घेऊन निघाले. तीस वर्षांत त्यांना कोणत्याही दाराला चार मिनिटांहून जास्त वेळ लागलेला नाही.

ते दुसऱ्या मजल्यावर बसले.

वरून आजी हाका मारत होत्या, "अहो, पोचलात का?" आणि ते "आलोच" म्हणत होते. म्हणताना आवाज निघत नव्हता. आधी जळक्या दुधाचा वास आला, मग धूर. शेवटी आजीच खाली आल्या. वय शहात्तर, कमरेचे ऑपरेशन झालेले. त्यांनी एका हाताने पिशवी उचलली, दुसऱ्या हाताने कुलूपवाल्यांना उठवले, आणि पायरी पायरी दोघांना वर नेले. दार तीन मिनिटांत उघडले. आतले भांडे काळे ठिक्कर पडले होते, भिंतीवरचे कपाट धुमसत होते. आजींनी नळ सोडून ते विझवले. मग कुलूपवाल्यांनाच खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "बाळा, तुला कोणी घरी न्यायला येईल का?"

कुलूपवाल्यांनी त्या दिवशी घरी येऊन पिशवी खाली ठेवली आणि बायकोला म्हणाले, "आता मला कुठे न्यायचं ते ने."

संदर्भ

त्यांना जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेले. या डॉक्टरांकडे यंत्रे नाहीत, आणि आमची पत्रके ते न उघडता रद्दीत घालतात, असे समजते. त्यांनी रिपोर्ट पालथा करून त्यावर चष्मा ठेवला. कुलूपवाल्यांची खालची पापणी ओढून पाहिली. नखे पाहिली.

"बर्फ खावासा वाटतो?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"यांच्या अंगात रक्तच नाही हो," डॉक्टर वहिनींना म्हणाले. "जातंय कुठे?"

कुलूपवाल्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. लाळवाले, जांभईवाले, टूथब्रशवाले, कानवाले… दोन्ही हातांची बोटे संपली तेव्हा डॉक्टरांनी स्वतःची चार बोटे पुढे केली.

आमच्या माहितीप्रमाणे ही या विषयावरची पहिली बेरीज.

"हे सगळं आजपासून बंद. या लोहाच्या गोळ्या. सहा महिने."

"पण डॉक्टर, औषध घेतलं तर मी नॉर्मल राहणार नाही."

"नाही राहणार," डॉक्टर म्हणाले. "जिना चढाल."

वहिनींनी तिथल्या तिथे कात्री काढून पट्टा कापला. पट्टा कापला गेल्याची वेळ आमच्याकडे आहे: ११ वाजून ०६ मिनिटे. त्यानंतर पट्ट्याने बराच वेळ "गाढ झोप" नोंदवली.

विचलन

आठ महिन्यांनी कुलूपवाले हिशोब पुरा करायला शेवटच्या तपासणीला आले. चार मजले न थांबता चढले, यावरूनच शंका आली. हिमोग्लोबिन १३.८. ओठांना रंग. पँट कमरेत घट्ट. समितीने अर्धा दिवस चर्चा करून त्यांना असामान्य घोषित केले आणि अतिरक्ताच्या सौम्य रुग्णांत त्यांचे नाव घातले. घरी जपून चालण्याचा सल्ला दिला. ते जिन्याच्या दोन दोन पायऱ्या सोडत उतरले.

आता मानकाचे काय करावे, हा प्रश्न उपसंचालकांनी काढला. मॅडमनी सांगितले की ७.४ हा आकडा सेहेचाळीस निबंधांत छापून आला आहे, त्यावर नऊ जण डॉक्टरेट झाले आहेत आणि तीन फ्रिज बाजारात आहेत. माणूस बदलला म्हणून विज्ञान बदलत नाही. मानक आहे तिथेच राहिले.

ऋणनिर्देश

नवा तुलनापुरुष नेमावा लागला नाही. त्याबद्दल संस्था वाचकांची ऋणी आहे.

तुमच्या रिपोर्टवर तीन रकाने असतात. पहिल्यात चाचणीचे नाव, दुसऱ्यात तुमचा आकडा, तिसऱ्यात बारीक अक्षरांत असायला हवा तो आकडा. हा तिसरा रकाना कोणाच्या अंगावरून काढला, हे तुम्ही आजवर कोणालाही विचारलेले नाही. एवढा विश्वास असल्याखेरीज संशोधन पुढे जात नाही. मागच्या वेळी तुम्ही दुसरा रकाना तिसऱ्याशी ताडून पाहिलात, घरी "सगळं नॉर्मल आहे" असा मेसेज केलात, आणि मग प्रयोगशाळेच्या पायरीवर जरा टेकलात. किती वेळ टेकलात, याची नोंद आमच्याकडे आहे. बाकीच्यांनाही साधारण तेवढाच वेळ लागतो.

काळजी नसावी.